एका साच्यातल्या दोन वैरिणी

अमेरिकेच्या रेव्हेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला १:९६ प्रमाणाची दोन मोठी प्लास्टिक किट बाजारात आणली. एक ‘किअरसार्ज’ या युद्धनौकेचे, दुसरे ‘अलाबामा’चे. अमेरिकी यादवी युद्धातल्या या दोन वैरिणी: किअरसार्ज उत्तरेची, अलाबामा दक्षिणेची. १९ जून १८६४ च्या रविवारी फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदराबाहेर सुमारे तासभर चाललेल्या लढाईत किअरसार्जने अलाबामाला बुडवले. दोघीही लाकडी, दोघींना तीन डोलकाठ्या, दोघींच्या मध्यावर धुराडे. किटच्या डब्यात हे साम्य जरा जास्तच पुढे गेले आहे. अलाबामाच्या डब्यात धडाचे म्हणून जे दोन अर्धे भाग निघतात, ते मुळात किअरसार्जचे आहेत.

किअरसार्ज मेन राज्यातल्या किटरी येथील नौदल गोदीत बांधली गेली आणि १८६१ मध्ये पाण्यात उतरली. तिची लांबी सुमारे २०१ फूट, रुंदी ३३ फूट १० इंच. अलाबामा मात्र परमुलखात घडली. इंग्लंडमध्ये बर्कनहेडच्या लेअर्ड कारखान्यात तिला नाव नव्हते, नुसता २९० हा क्रमांक होता. मे १८६२ मध्ये ती ‘एन्रिका’ या नावाने पाण्यात उतरली, जुलैअखेर चाचणीफेरीच्या निमित्ताने बाहेर पडली आणि परतलीच नाही. अझोर्स बेटांजवळ तिच्यावर तोफा चढल्या आणि तिथेच कॅप्टन राफाएल सेम्स याने ताबा घेतला. तिची लांबी २२० फूट, रुंदी ३१ फूट ८ इंच.

१:९६ म्हणजे खऱ्या जहाजाच्या एका फुटाला मॉडेलवर इंचाचा आठवा भाग. या हिशेबाने अलाबामाचे धड सुमारे ७० सेंटिमीटर भरायला हवे, तर किअरसार्जचे ६४ मध्येच आटोपते. रुंदीत उलटा प्रकार: अलाबामाला १० सेंटिमीटर पुरतात, किअरसार्जला जवळपास ७ मिलिमीटर जास्त लागतात. जहाजाची लांबी कण्यावर, डेकवर की दोन टोकांच्या खांबांमध्ये मोजली यावर आकडे थोडे हलतात, पण त्या हलण्याने सहा सेंटिमीटर भरून निघत नाहीत. व्यापारी जहाजांचा पाठलाग करण्यासाठी बांधलेली सडपातळ नौका डब्यातून आखूड आणि रुंद होऊन बाहेर येते.

याचे कारण साच्यात आहे. प्लास्टिकचा एक भाग ओतायला काही पैसे लागतात. पोलादी साचा कोरायला मात्र महिने आणि भरपूर भांडवल लागते, आणि धडाचा साचा त्यात सर्वांत मोठा. तो दोनदा वापरता आला तर दुसरे किट जवळपास फुकटात पडते. रेव्हेलने हे इतरत्रही केले. ‘कटी सार्क’च्या साच्यातून तिची प्रतिस्पर्धी ‘थर्मोपिली’ निघाली, ‘बाउंटी’तून डार्विनची ‘बीगल’. पहिली जोडी बऱ्यापैकी खपून जाते, कारण ती चहाची दोन्ही जहाजे सुमारे २१२ फुटांचीच होती. बाउंटी आणि बीगल याही प्रत्येकी नव्वद फुटांच्या आसपास, पण एक मूळची कोळसा वाहणारी व्यापारी नौका आणि दुसरी नौदलाची दोन डोलकाठ्यांची ब्रिग म्हणून आखलेली. लांबी जुळली म्हणून घडण जुळत नाही. अलाबामाच्या बाबतीत लांबीही जुळत नाही, आणि म्हणून ही उसनवारी पट्टी लावताच उघडी पडते.

अलाबामाचे वेगळेपण धडाखेरीज तिच्या दुहेरी स्वभावात होते. ती बार्क पद्धतीची: पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या वाशांची चौकोनी शिडे, मागच्या काठीवर उभ्या रेषेतली. कोळसा वाचवण्यासाठी सेम्स शक्यतो शिडांवरच फिरे. त्या वेळी तिचे धुराडे दुर्बिणीसारखे एकात एक सरकवून खाली घेत आणि पाण्याखालचा पंखा शाफ्टपासून सोडवून मागच्या विहिरीत वर ओढत, म्हणजे तो पाण्याला अडणार नाही. पंखा खाली आणि धुराडे वर ही वाफेची स्थिती, पंखा वर आणि धुराडे खाली ही शिडांची. किट जुळवणारे बहुतेक जण उंच धुराडे लावतात आणि सगळी शिडेही फुगवतात. तसे करण्याला बंदी नव्हती, पण शेरबुर्गच्या सकाळचा देखावा म्हणून ते चूक ठरते. ती लढाई दोघींनी वाफेवर लढली.

म्हणजे अचूकतेचा प्रश्न ‘कोणते जहाज’ एवढ्यावर संपत नाही, ‘कोणत्या दिवशी’ हेही ठरवावे लागते. ऑगस्ट १८६३ मधील अलाबामाचे पुरावे उत्तम आहेत: केपटाउनला डेकवर काढलेल्या छायाचित्रांत सेम्स मोठ्या तोफेजवळ उभा दिसतो, तोफगाडा आणि डेकवरचे सामानही दिसते. त्यानंतर ती हिंदी महासागरात आली. जानेवारी १८६४ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ ‘एम्मा जेन’ हे अमेरिकी जहाज जाळून तिने पकडलेल्या खलाशांना अंजेंगो येथे उतरवले. शेरबुर्गला पोहोचेपर्यंत बुडावरचे तांब्याचे पत्रे सुटू लागले होते आणि बॉयलर थकले होते. १८६४ ची अलाबामा करायची तर तांबे चकचकीत रंगवणे हीच चूक.

किअरसार्जची तारीख आणखी काटेकोर आहे. तिच्या मध्यभागी, इंजिनाच्या बाजूंवर, नांगराची साखळी उभ्या ओळींत बांधून तिचे चिलखत केले होते. सुमारे ४९ फूट ६ इंच लांब आणि ६ फूट २ इंच उंच असा हा पट्टा वरून इंचभर जाडीच्या फळ्यांनी झाकून काळा रंगवला होता. सेम्सला त्याचा पत्ता नव्हता, असे तो लढाईनंतर तक्रारीच्या सुरात सांगत राहिला. मॉडेलवर या पट्ट्याची लांबी जेमतेम १६ सेंटिमीटर आणि उंची २ सेंटिमीटर होते; फळीची जाडी तर पाव मिलिमीटर, म्हणजे जाडसर कागदाएवढी. हा पट्टा नसेल तर १८६४ ची किअरसार्ज होत नाही. तोफांचेही असेच. दोन्ही नौका मोठी वर्तुळे घेत उजव्या बाजूने लढल्या, त्यासाठी काही तोफा डावीकडून उजवीकडे हलवल्या गेल्या. दोन्ही बाजूंना सारख्या तोफा मांडलेले मॉडेल देखणे दिसते, पण त्या सकाळचे नसते.

काही चुका कोणत्याही कंपनीला टाळता येत नाहीत, कारण प्लास्टिकला कमीत कमी जाडी लागते. अशा किटमध्ये पातळ प्लास्टिकची फुगीर शिडे मिळत. ते प्लास्टिक ०.३ मिलिमीटर जाड धरले, तर खऱ्या जहाजावर ते जवळपास ३ सेंटिमीटर जाडीचे कापड होते. डेकवरच्या फळ्यांमधली पाव मिलिमीटरची खाच म्हणजे २४ मिलिमीटरची फट. अशा डेकचे जहाज पहिल्याच पावसात गळले असते. लाकडाच्या नसा दाखवण्याची हौस तर याहून वाईट. हे दोष पॉलिश कागद आणि धीर यांनी बरेच कमी होतात, शिडे गुंडाळून किंवा पातळ कापडाची लावून सुटतात. धडाचे तसे नाही. मध्ये कापून सहा सेंटिमीटरचा तुकडा भरला तरी रुंदी तशीच राहते आणि विहिरीसकट मागचा भाग नव्याने करावा लागतो. त्यापेक्षा लाकडात धड घडवून किटमधल्या होड्या, नांगर आणि तोफा उचलणे सोपे.

नोव्हेंबर १९८४ मध्ये फ्रेंच नौदलाच्या सुरुंगशोधक ‘सिर्से’ जहाजाला शेरबुर्गजवळ सुमारे ६० मीटर खोलीवर अलाबामाचे अवशेष सापडले. १९९४ मध्ये तिची मोठी ब्लेकली तोफ वर काढली गेली; सुकाणूचे चाकही मिळाले, आणि त्याच्या पितळी पट्टीवर फ्रेंच बोधवाक्य कोरलेले निघाले. किटचे साचे तोवर तीसेक वर्षांचे झाले होते. त्यानंतर ती किट नव्या चित्राच्या डब्यांतून पुन्हा विक्रीला आली, आतले धड मात्र किअरसार्जचेच राहिले.