दुचाकीला काच लावताना

भंडारा ते नागपूर हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे आहे. रेल्वेचे भंडारा रोड हे स्थानक शहरात नसून वरठीला आहे, आणि एसटीच्या वेळा सर्वांनाच सोयीच्या ठरत नाहीत. साहजिकच नोकरी, कॉलेज, कोर्टातील तारीख किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये दाखल असलेला रुग्ण अशा कारणांनी हा प्रवास मोटारसायकलने करणारे पुष्कळ आहेत. साकोली, लाखनी, तुमसर, पवनी या तालुक्यांच्या गावांहून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्यांतही दुचाकीस्वार कमी नसतात. मुंबई-कोलकाता महामार्गाचा (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) हा पट्टा शहरातील रस्त्यांसारखा नाही. येथे दुचाकीचा वेग तासाला ६० किलोमीटरच्या खाली फारसा येत नाही आणि तासभर वारा थेट छातीवर घ्यावा लागतो.

हिवाळ्यात या वाऱ्याची किंमत कळते. हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या चेहऱ्याला थंडी जाणवते ती ५ अंशांची. अमेरिका व कॅनडा येथील हवामान खात्यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्राने हा हिशेब येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धान पिकू लागले की आणखी एक त्रास सुरू होतो. सायंकाळी शेतांतून उठणारे तुडतुडे व इतर कीटक दिव्याकडे झेपावतात. हेल्मेटची पुढची काच वर करून गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यात असा एखादा कीटक शिरला, तर पुढची काही सेकंदे गाडी जवळजवळ आंधळेपणानेच चालते. शिवाय वैनगंगेची रेती वाहणारे टिप्पर आहेतच. ताडपत्री नीट न बांधलेल्या टिप्परच्या मागे काही मिनिटे काढलेल्या दुचाकीस्वाराला त्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

या सर्वांवर उपाय म्हणून बाजारात मिळणारी ‘युनिव्हर्सल’ काच अनेक जण हँडलवर बसवून घेतात. काचेची ओळख मराठी घरांना नवी नाही. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकला हौसेने किंवा गरजेने पुढे उंच काच लावलेली असे, आणि तिच्या आडोशाला पुढे उभे राहिलेले लहान मूल हे कित्येक कुटुंबांच्या आठवणीतील चित्र आहे. परदेशात क्रेग वेटर या अमेरिकन संशोधकाने १९७० च्या दशकात निरनिराळ्या कंपन्यांच्या मोटारसायकलींना बसेल असे ‘विंडजॅमर’ हे आवरण काढले आणि ते फार खपले. ‘कोणत्याही गाडीला बसणारी’ ही कल्पना तेव्हा रुजली. मात्र वेटरच्या आवरणासोबत प्रत्येक गाडीसाठी वेगळी पकड मिळत असे. आपल्याकडील युनिव्हर्सल काचेसोबत चार क्लॅम्प, दोन-चार पट्ट्या आणि बोल्टची एक पिशवी मिळते. बाकीचे काम बसवणाऱ्याच्या हातावर सोडलेले असते, आणि घोळ होतो तो तेथेच.

काच नेमके काय करते, हे आधी समजून घ्यायला हवे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ४० वरून ८० झाला की दाब दुप्पट न होता चौपट होतो. साधारण ४० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद काचेवर ६० च्या वेगाला दोन ते तीन किलो आणि ८० च्या वेगाला चार ते पाच किलो वजनाइतका जोर पडतो. हा जोर पूर्वी चालकाच्या छातीवर पडत होता. काच लावल्यावर तो क्लॅम्पमार्गे हँडलवर, म्हणजे गाडीची दिशा ठरवणाऱ्या भागावर येतो. काच थोडी जरी तिरपी बसली, तरी हँडल एका बाजूला ओढले जाते. समोरून ट्रक भरधाव गेला किंवा वैनगंगेच्या पुलावर आडवा वारा लागला, की हा परिणाम एकदम जाणवतो. हँडलच्या मानेतील कोनसेट आधीच ढिला असेल, तर काच लावल्यानंतर वाढत्या वेगात हँडल थरथरू लागते. म्हणून काच लावण्यापूर्वी कोनसेट तपासून घेणे आवश्यक आहे. पुढचे चाक उचलून हँडल हलके डावी-उजवीकडे फिरवावे, आणि पुढचे शॉकअप धरून पुढे-मागे हलवून पाहावे. खडखड जाणवली तर आधी ती दुरुस्ती करावी, काच नंतर.

काचेचा पत्रा दोन प्रकारचा असतो. अ‍ॅक्रिलिक स्वच्छ दिसते, त्यावर ओरखडे कमी पडतात. पण धक्क्याने ते तडकते. पॉलिकार्बोनेट धक्का कित्येक पटींनी अधिक सोसते आणि फुटले तरी त्याचे धारदार तुकडे होत नाहीत. मात्र त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि पेट्रोलचा हात लागला तरी ते खराब होते. महामार्गावर, रेती आणि खडी उडणाऱ्या रस्त्यावर पॉलिकार्बोनेटच घ्यावे. दुकानदाराला नाव सांगता आले नाही किंवा त्याने ‘फायबर आहे’ एवढेच म्हटले, तर ती काच नाकारणे बरे.

हँडलच्या नळीचा व्यास बहुतेक भारतीय मोटारसायकलींत २२ मिलिमीटर असतो. काही क्रूझर गाड्यांत तो २५ मिलिमीटर असतो. सोबतचे क्लॅम्प कोणत्या मापाचे आहेत ते पाहावे. मोठ्या क्लॅम्पमध्ये रबराचे तुकडे कोंबून तो बसवणे हा सर्रास दिसणारा प्रकार आहे. काही दिवसांतच ते रबर दबते आणि काच मागे कलंडते. आरशाच्या बोल्टखाली अडकवायच्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण आरशाचा बोल्ट हा आरसा धरण्यासाठी केलेला आहे, पाच किलोंचा जोर सोसण्यासाठी नव्हे. दोन क्लॅम्प हँडलवर आणि दोन शॉकअपच्या नळ्यांवर, अशी चार ठिकाणी धरलेली काच सर्वांत स्थिर राहते.

भोके पाडताना विदर्भाचे हवामान लक्षात ठेवावे लागते. प्लास्टिक उष्णतेने पसरते. ४० सेंटिमीटर लांबीचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा डिसेंबरच्या १० अंशांपासून मे महिन्याच्या ४५ अंशांपर्यंत सुमारे १ मिलिमीटर वाढतो. भोक बोल्टच्या मापाचेच असले, तर पसरणाऱ्या काचेला जागा मिळत नाही आणि भोकापासून तडे जाऊ लागतात. त्यामुळे भोक बोल्टपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठे, काचेच्या दोन्ही बाजूंना रबरी वॉशर, आणि बोल्ट हाताने आवळून नंतर पान्याने जेमतेम पाव वळसा, एवढे पुरे. नट सैल होऊ नये म्हणून त्यावर लावतात तो चिकट द्रव येथे वापरू नये. त्यामुळे दोन्ही प्रकारचे प्लास्टिक आतून तडकते. त्याऐवजी आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट वापरावा.

काच बसल्यावर पहिली चाचणी गाडी उभी असतानाच घ्यायची आहे. इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे फिरवावे. क्लॅम्प किंवा पट्टी पेट्रोलच्या टाकीला लागते का, क्लचची केबल किंवा ब्रेकची नळी ताणली अथवा चेपली जाते का, हे पाहावे. हँडल वळवताच इंजिनचा आवाज आपोआप वाढला, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढली जात आहे असे समजावे. अशा गाडीचा वेग नेमका वळणावर स्वतःहून वाढतो. ही चाचणी दोन मिनिटांची असूनही ती न करताच गाडी ग्राहकाच्या हाती दिली जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

सर्वांत अधिक चुका उंचीच्या बाबतीत होतात. उंच काच अधिक संरक्षण देईल, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक दुचाकीची काच ही आरपार पाहण्यासाठी नसून तिच्या कडेवरून पाहण्यासाठी असते. मोटारीच्या काचेला वायपर असतो, दुचाकीच्या काचेला तो नसतो. जिल्ह्यात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैच्या सरींत थेंबांनी भरलेल्या काचेआडून रस्त्यातील खड्डा दिसत नाही. रात्री तर समोरच्या वाहनाचा प्रकाश ओरखड्यांवर विखुरतो आणि सारी काच पांढरी होते. धान भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली किंवा बंडी अशा वेळी अगदी जवळ येईपर्यंत लक्षात येत नाही.

योग्य उंची ठरवण्याची रीत सोपी आहे. हेल्मेट घालून नेहमीच्या पद्धतीने गाडीवर बसावे आणि दुसऱ्याला गाडी सरळ धरायला सांगावे. काचेची वरची कड नाकाच्या टोकाच्या रेषेत आली पाहिजे आणि सुमारे १५ मीटर पुढचा रस्ता त्या कडेवरून दिसला पाहिजे. डोळ्यांपासून कड साडेचार-पाच सेंटिमीटर खाली असली की हे साधते. एवढी खाली असूनही ती उपयोगी पडते, कारण कडेवरून उसळलेला वारा आणखी वर चढून हेल्मेटच्या माथ्यावरून जातो. काच उंच असेल तर बारीक दात्यांच्या करवतीने ती कापता येते. कापताना दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी, नंतर कड घासून गोल करावी आणि तिच्यावर रबरी पट्टी चढवावी. अपघातात चालकाचा गळा ज्या कडेकडे फेकला जाईल, ती धारदार ठेवून चालणार नाही.

काच लावल्यावर पूर्वी नव्हता असा घोंघाट कानाशी सुरू झाला, डोके हादरू लागले, अशी तक्रार बरेच जण करतात. काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि कडेवरून येणारा वारा भोवरे घेत त्या पोकळीत कोसळतो. काच थोडी मागे कलती केली किंवा तिच्या खालच्या कडेला हेडलाइटच्या वर दोन-तीन बोटे फट ठेवली, की खालून हवा आत येऊन हा त्रास पुष्कळ कमी होतो. एका वेळी एकच बदल करून मोकळ्या रस्त्यावर पाहावे. शंभर सीसीच्या, जेमतेम ८ अश्वशक्तीच्या गाडीला मोठी काच लावल्यास ती वेगात अडखळते आणि पेट्रोलही अधिक लागू शकते; अशा गाडीला लहान काच पुरेशी आहे. लहान काच हातांना आडोसा देत नाही, त्यामुळे थंडीत हातमोजे चुकत नाहीत.

कायद्याविषयी थोडे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद झाली. पान्याने काढता येणारी काच इंजिन, चासिस वा रंग यांपैकी काही बदलत नाही. परंतु काचेसाठी मूळ हेडलाइट काढणे किंवा चौकटीला वेल्डिंग करणे ही वेगळी गोष्ट आहे. काचेने वा तिच्या पट्ट्यांनी एमएच-३६ ची पुढची नंबरप्लेट, हेडलाइट किंवा इंडिकेटर झाकला जाऊ नये. काळी अथवा गडद रंगाची काच रात्रीच्या प्रवासासाठी घेऊच नये.

संक्रांतीच्या दिवसांत नागपूर-भंडारा भागात काचेकडून आणखी एक अपेक्षा ठेवली जाते, ती मांजापासून बचावाची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी त्याने गळा चिरल्याच्या बातम्या दर जानेवारीत येतात. नाकाच्या रेषेतील काच आडव्या आलेल्या मांजाला अडवेलच असे नाही. गुळगुळीत, मागे कललेल्या काचेवरून तो वर सरकून थेट चालकाकडे येऊ शकतो. त्यासाठी हँडलवर लावायची डोक्याहून उंच तारेची कमान वेगळी मिळते. तिच्यासोबत गळ्याभोवती जाड रुमाल हवा. काच असो वा नसो, हेल्मेटला पर्याय नाहीच.

काच स्वच्छ करताना पेट्रोल, रॉकेल आणि घरातील काचा पुसण्याचा अमोनियायुक्त द्रव टाळावा. वाळलेले तुडतुडे कोरड्या फडक्याने खरवडले की ओरखडे पडतात. ओले फडके दहा मिनिटे काचेवर पसरून ठेवावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे. उन्हाळ्यात गाडी उभी करताना काचेवर कापड टाकावे, कारण वाकलेल्या काचेच्या आतल्या बाजूवरून परावर्तित झालेले ऊन एका जागी एकवटून मीटरचे प्लास्टिक वितळवू शकते. नट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासावेत. भोकांभोवती केसासारख्या बारीक रेषा दिसू लागल्या, की क्लॅम्प तेच ठेवून केवळ पत्रा बदलता येतो.