टांगा आणि धोटा

बोरीकाठी अमळनेर. पांझरेकाठी धुळे. तितूरकाठी चाळीसगाव. खान्देशात कापूस पिकत होता, रेल्वे आली आणि या नदीकाठच्या गावांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. आता भोंगे गप्प आहेत. 1974 च्या कायद्यानं सरकारनं आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या. त्यात चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल होती, धुळ्याची न्यू प्रताप मिल होती. पुढं त्याही बंद पडल्या. गिरणीचं गाव संपलं.

या गावाचा इतिहास सांगताना लोक शेठजींपासून सुरुवात करतात. दोस्तांनो, मी टांग्यापासून करतो.

साल 1929. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला कमिटी नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. धुळ्याकडच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडलेला. त्याची चौकशी करून ते परत निघाले. चाळीसगाव स्टेशनवर आपली माणसं आडवी आली, एक रात्र आमच्याकडं राहाच म्हणाली. महारवाडा नदीपल्याड. बाबासाहेबांना पायी कसं न्यायचं? टांगेवाले म्हणाले, महाराला बसवून आम्ही हाकणार नाही. टांगा भाड्यानं न्या. म्हणजे पैसा चालतो, माणूस चालत नाही! शेवटी आपल्यातलाच एक जण पुढं बसला. टांगा कसा हाकतात ते त्याला ठाऊक नव्हतं. नदीच्या मोरीवर चाक अडकलं. घोडा अन् टांगा नदीत, बाबासाहेब दगडी फरशीवर. पाय मोडला.

दोष कुणाचा? हाकणाऱ्याचा? ज्याच्या हातात कधी लगामच येऊ दिला नाही, त्याचा?

हाच टांगा गिरणीत होता. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात पगार जास्त, पण आपल्याला तिथं बंदी. का? तर धोट्यात कांडी भरली की तार तोंडानं ओढून भोकातून काढायची. आपल्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? मालकाच्या जुलमाविरुद्ध एक होणारे हात धोट्यापाशी वेगळे व्हायचे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, आमच्या लोकांना सगळी खाती खुली करा, ही मागणी घ्या, नाहीतर आम्ही संपात नाही. तेव्हा कुठं ती मागणी कुरकुरत घेतली गेली. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं ते बोलले, शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मनमाड चाळीसगावच्याच लायनीवर आहे. एकाच शत्रूवर बोट ठेवणाऱ्या आपल्या लाल भाऊबंदांनी तो टांगा आठवावा. हाकायला नाही म्हणणारा शेठ नव्हता, गरीब टांगेवाला होता. तरी बॅरिस्टरपेक्षा तो स्वतःला वरचा समजत होता.

माझा पणजा खान्देशातल्या एका गिरणीत रिंगखात्यात राबला. आजी त्याचं बोलणं सांगायची, "आमले मागले हात लाऊ देत नही व्हतात." एवढंच. पुढं काही नाही.

मी आज पॉवरलूमवर आहे. चार माग सांभाळतो. धोटा हातात घेतला की पणज्याचं वाक्य कानात खटखटतं.

म्हणून सांगतो, वस्तीत जा. म्हाताऱ्यांना विचारा, बाबा, तुम्ही कोणत्या खात्यात होता? साळखात्यात का नव्हता? जुना बिल्ला, पगाराची चिठ्ठी दाखवली तर जपून उतरवून घ्या. शेठजींचं नाव शाळेच्या कमानीवर आहे. आपलं नाव हजेरीपटावर होतं, आणि हजेरीपट रद्दीत जातो.

जयभीम.