जुन्या जिनचे छायाचित्रण : भंगारात जाण्यापूर्वीची नोंद

राळेगाव (जि. यवतमाळ) : वर्धा नदीकाठचा राळेगाव तालुका हा कापसाचा मुलूख. येथील व आसपासच्या पट्ट्यातील जिनिंग-प्रेसिंग व्यवसाय आजही सुरू आहे. मात्र तो ज्या यंत्रांवर उभा राहिला, ती झपाट्याने नाहीशी होत आहेत. केंद्र सरकारने २००० साली सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंगच्या आधुनिकीकरणास अर्थसाह्य मिळाले. नवी यंत्रे आली आणि जुनी बिडाच्या भावाने मोडीत निघाली. ती कशी होती, हे पुढे केवळ छायाचित्रांवरूनच कळणार आहे.

म्हणूनच बंद पडलेल्या जिनचे छायाचित्र घेताना गंजलेल्या पत्र्याच्या सौंदर्यात फार रमू नये. यंत्र कसे चालत असे, हे चित्रातून समजले पाहिजे. विदर्भात रूढ असलेल्या रोलर जिनचे मूळ अमेरिकेतील फोन्स मॅकार्थी यांच्या १८४० च्या शोधात आहे. चामड्याचा रूळ कापसाचे तंतू पकडून स्थिर पात्याखाली ओढतो. सरकी पात्याच्या कडेला अडते आणि हलते पाते तिला आपटून खाली पाडते. रूळ, दोन्ही पाती आणि त्यांतील फट एकाच चित्रात यायला हवी. पुढे छताखालचा शाफ्ट, त्यावरील पुल्या व पट्ट्यांचा मार्ग क्रमाने टिपावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी. निर्मात्याची पाटी सर्वांत आधी घ्यावी, कारण भंगारवाल्याच्या आधी हौशी संग्राहकच ती काढून नेतात!

गठाणीवर खूण उमटवण्याचे पत्र्याचे साचे आढळल्यास तेही सोडू नयेत. १९२५ च्या जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने गठाणीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले होते. नामफलक गेलेल्या कारखान्याची ओळख अशा साच्यावरून पटू शकते.

या प्रकारच्या कामाचा आदर्श जर्मनीतील बर्न्ट व हिला बेखर या दांपत्याने घालून दिला. १९५९ पासून त्यांनी खाणींचे मनोरे, झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या समोरून, ढगाळ उजेडात, सारख्याच पद्धतीने टिपल्या. १९९० च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांना चक्क शिल्पकलेचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागी आज मॉल आहे.

मालकाची परवानगी आवश्यकच. कारखाना अवसायनात असल्यास अवसायकाची घ्यावी. एकट्याने आत जाऊ नये. प्रेसखाली अनेकदा खोल खड्डा असतो आणि त्यावरच्या फळ्या कुजलेल्या असू शकतात. पावसाळ्यात सापांचे भय अधिक. अंधाऱ्या शेडमध्ये फ्लॅशने सावल्या कठोर पडतात. तिपाईवर कॅमेरा ठेवून दीर्घ प्रकाशन द्यावे.

शक्य झाल्यास त्या जिनवर काम केलेला एखादा जुना फिटर सोबत न्यावा. कोणता दांडा कशासाठी, हे त्यालाच ठाऊक असते. त्याने सांगितलेली नावे स्थानिक बोलीतच लिहून घ्यावीत. प्रत्येक चित्रासोबत गाव, तारीख आणि यंत्राची जागा नोंदवून एक संच मालकाकडे द्यावा.