पशुविभक्ति : ऐतरेय ब्राह्मणांतील छत्तीस वांटे

घरच्या मंडळींनीं व सोबत्यांनीं मिळून एखादा पशु मारावा, त्याचीं अंगें सांध्यासांध्यांतून सोडवावीं, आणि कोणाचा वांटा कोणता हें पूर्वापार ठरलेल्या रीतीनें चालावें, ही चाल पशुपालक समाजांत पुष्कळ ठिकाणीं आढळते. आपल्याकडील तिचा अत्यंत तपशीलवार प्राचीन लेख ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेच्या आरंभीं आहे. गोमांसभक्षणाच्या वादांत हें प्रकरण वारंवार पुढें केलें जातें. परंतु तें समग्र वाचण्याची तसदी वाद घालणाऱ्यांनीं फारशी घेतलेली दिसत नाहीं. ग्रंथ दुर्मिळ नाहीं. मार्टिन हौग यांनीं पुण्यास संस्कृताचे अध्यापक असतांना तो सिद्ध केला व १८६३ सालीं भाषांतरासह मुंबईस छापविला. पुढें १८९६ सालीं आनंदाश्रमानें सायणभाष्यासह काढिला.

वांटणी येणेंप्रमाणें आहे. जिभेसह दोन्ही जबडे प्रस्तोत्याचे, ससाण्याच्या आकाराचें कापलेलें उरोमांस उद्गात्याचें, कंठ व टाळू प्रतिहर्त्याचीं. उजवी श्रोणि होत्याची, डावी ब्रह्म्याची. खांद्यासह उजवी कूस अध्वर्यूची. डावी कूस उपगात्यांची, व डावा खांदा प्रतिप्रस्थात्याचा. याप्रमाणें मांड्या, बाहू, तंगड्या उजव्याडाव्याच्या भेदानें एकेका ऋत्विजाच्या नांवें लागतात. मानेचे मणके व तीन कीकसा ग्रावस्तुताकडे. आणखी तीन कीकसा व वैकर्ताचा अर्धा भाग उन्नेत्याकडे. मस्तक सुब्रह्मण्याकडे, आणि उद्यां सोम कुटावयाचा अशी घोषणा करणाऱ्यास कातडें. एकूण वांटे छत्तीस. बृहती छंदाचीं अक्षरें छत्तीस, म्हणून ही संख्या, असें ब्राह्मण म्हणतें. ब्राह्मणग्रंथांची ही नेहमींची तऱ्हा आहे. खाटिकखान्यांतील हिशेब आधीं आणि छंद मागाहून, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच.

या यादींत मला विशेष महत्त्वाचे वाटतात ते ऋत्विजांचे वांटे नव्हत. गृहपतीला व्रताचें अन्न आणून देणारा जो असेल त्याला दोन उजवे पाय, गृहपतीच्या भार्येला तें देणाऱ्यास दोन डावे पाय, आणि ओठ या दोघांत समाईक. तो गृहपतीनें स्वतः वांटून द्यावयाचा. शेपूट पत्नींकडे न्यावयाचें व त्यांनीं तें एखाद्या ब्राह्मणास द्यावयाचें. ओठासारख्या क्षुल्लक अवयवाचीहि वांटणी यजमानाच्या हातून व्हावी, हा नियम भांडण टाळण्यासाठींच झाला असला पाहिजे. जेथें सर्वांच्या देखत मांस वांटलें जातें तेथें असा नियम लागतोच.

'गृहपति' हा शब्द व 'पत्नी' शब्दाचें बहुवचन यांवरून येथें मूळ प्रसंग सत्राचा दिसतो. आश्वलायन श्रौतसूत्रांतहि ही वांटणी बाराव्या अध्यायांत, सत्राच्या प्रकरणांतच येते. सत्रांत ऋत्विज हेच यजमान, दक्षिणा नाहीं, गृहपति म्हणजे बरोबरीच्या सोबत्यांतला पुढारी. तेव्हां हे छत्तीस वांटे धन्यानें चाकरांस दिलेली मजुरी नसून, एकत्र राबणाऱ्या मंडळींचा आपसांतला हिस्सा होय, असें माझें मत आहे.

शमिता मात्र या मंडळींत असून नसल्यासारखा आहे. पशूचा श्वास कोंडून त्याला मारणें, सोलणें, शिजविणें हीं सर्व कामें त्याचीं. पशु मारला जात असतांना ऋत्विज तोंड फिरवितात, आणि क्रियेला 'संज्ञपन' असें सौम्य नांव देतात. मांस शिजलें काय म्हणून त्याला तीनदां विचारतात. त्याच्या शब्दावांचून पुढचें काम चालत नाहीं. त्याचा वांटा वैकर्ताचा उरलेला अर्धा व क्लोम; आणि तो ब्राह्मण नसेल तर हा वांटाहि ब्राह्मणास द्यावा, अशी पुस्ती जोडलेली आहे! शमिता ब्राह्मणेतर असूं शके, हा त्या काळच्या समाजस्थितीचा पुरावा या एका अटींत सांपडतो.

आतां पशु कोणता? राजेंद्रलाल मित्र यांनीं १८७२ सालच्या आपल्या निबंधांत गोपथ ब्राह्मणांतील अशीच यादी गोमांसाच्या पुराव्यांत घातली. परंतु अग्निष्टोमांतील सवनीय पशु बोकड असतो, आणि यादींत पशूची जात सांगितलेली नाहीं. त्याच ब्राह्मणाच्या दुसऱ्या पंचिकेंत अध्रिगुप्रैष आहे. त्यांत कातडें अखंड सोडवावें, वपा अगोदर काढावी, खांदे कासवासारखे कापावे, कोणतेंहि गात्र उणें पडूं देऊं नये, अशा शमित्यास आज्ञा आहेत, व बरगड्या सव्वीस मोजल्या आहेत. तेरा जोड्या बैलास असतात तशा बोकडासहि असतात. तेव्हां या मोजणीनें निर्णय होत नाहीं. ऋग्वेदाच्या अश्वसूक्तांत घोड्याच्या बरगड्या चौतीस सांगितल्या आहेत. म्हणजे मोजणारे डोळसपणें मोजीत होते, एवढें मात्र सिद्ध होतें.

यावरून गाय मारली जातच नव्हती, असें अनुमान काढणेंहि तितकेंच चुकीचें. सोमयागाच्या अखेरीस अनुबंध्या म्हणून वांझ गाय सांगितली आहे. आश्वलायन गृह्यसूत्रांत ऋत्विज, स्नातक, राजा, आचार्य, सासरा, चुलता व मामा यांस मधुपर्क द्यावा असें आहे. गाय त्यांच्यापुढें आणीत, ती मारावी कीं सोडावी हें पाहुणा सांगे, आणि मधुपर्क मांसावांचून नसावा असा नियम आहे. अतिथीस 'गोघ्न' म्हणत, हें पाणिनीनें (३.४.७३) नोंदविलें आहे. विदर्भांतील पद्मपूरच्या घराण्यांतला भवभूति उत्तररामचरिताच्या चौथ्या अंकांत वसिष्ठासाठीं कालवड मारल्याचा प्रसंग दोन शिष्यांच्या थट्टेंतून आणतो, आणि जनकाला मात्र दहीमधावर भागवितो. चाल तोपर्यंत ग्रंथांतच उरली होती असें त्या थट्टेवरून वाटतें. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत याज्ञवल्क्याच्या महोक्षाचा अर्थ, तो पाहुण्यापुढें सन्मानार्थ उभा करावा, मारूं नये, असा लाविला. आणि कलिवर्ज्यांच्या यादींनीं गवालंभ निषिद्ध ठरविला. एकच प्रमाण दोघांनीं आपआपल्या बाजूला ओढण्यापेक्षां, जेथें गाय स्पष्ट आहे तेथें गाय म्हणावें, नाहीं तेथें म्हणूं नये.

माझ्या मतें खरी हानि निराळीच झाली आहे. वैकर्त, सद, अनूक, मणिका, कीकसा हे शब्द प्रत्यक्ष सुरी चालविणाऱ्यांचे. सायणाच्या काळीं त्यांतील कित्येकांचा व्यवहार तुटलेला होता. क्लोम म्हणजे नक्की काय, याविषयीं वैद्यांतहि एकवाक्यता नाहीं. ब्राह्मणकारालाच ही भीति होती. तो सांगतो कीं, ही विभक्ति श्रौत देवभाग ऋषीला ठाऊक होती. कोणास न सांगतांच तो परलोकीं गेला. पुढें कोणा अमानुषानें ती गिरिज बाभ्रव्यास सांगितली, तेव्हां मनुष्यांस ती पुन्हा मिळाली. आणि जे निराळ्या रीतीनें वांटतात ते चोरांप्रमाणें पशु ओरबाडतात, असेंहि तो बजावतो.

महाराष्ट्रांत श्रौतकर्म करणारीं घराणीं पुष्कळ होऊन गेलीं. माध्वांनीं पिठाचा पशु पतकरला तरी इतरांकडे खरा पशु चालूच होता, आणि पशुबंधप्रयोगाच्या पोथ्या लिहिल्या जातच होत्या. अशा पोथ्यांच्या समासांत अवयवांचीं देशी नांवें लिहून ठेवण्याची गरज प्रयोग करणाऱ्यास सहज पडली असेल. ज्यांच्या संग्रहीं त्या आहेत, त्यांनीं मूळ ग्रंथाबरोबर समासहि वाचावे, आणि वैकर्त व कीकसा या शब्दांवर मराठी टीप आढळल्यास ती अक्षरशः उतरून मंडळाकडे पाठवावी.