बर्किटची गाठ
* युगांडातल्या मुलांचे दात हलवणारी, जबडा सुजवणारी ही गाठ, म्हणजे बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग (लिम्फोमा), डेनिस बर्किट यांनी १९५८ साली नोंदवली. १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना तिच्यापासून वाढवलेल्या पेशींत नवा विषाणू दिसला. तोच गाठीला कारण म्हटला, तर एक आक्षेप रास्त आहे: ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात हा विषाणू असतो, मग लिम्फोमा इतक्या थोड्यांनाच का? पण एका गाठीतल्या साऱ्या पेशींत विषाणूचा डीएनए एकाच ठेवणीचा आढळतो; म्हणजे तो मागाहून घुसलेला नव्हे, संसर्ग आधीचा. मात्र एकटा विषाणू पुरत नाही. वारंवारच्या मलेरियाने बी-पेशी विभागत राहतात आणि आठव्या गुणसूत्राचा तुकडा, बहुधा चौदाव्याला, चिकटला की वाढीला लगाम उरत नाही. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे: विषाणू लागतो, लिम्फोमा लागत नाही. (संपा.)