एकच मैदान, एकच फेरी? मराठी तालमीतील व्यायामवैविध्याचा नऊशे वर्षांचा इतिहास (थ्रेड)

१/
परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले येलदरी हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मराठवाड्यातील अशा असंख्य गावांत पहाटे रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर, दोघांसाठी १०० मीटर आणि गोळाफेक अशी ही चाचणी असते. बहुतेकांचा सराव मात्र एकाच गोष्टीचा: तेच अंतर, तोच रस्ता, तीच गती, रोज.

२/
व्यायामात वैविध्य आणणे ही पाश्चात्त्य क्रीडाशास्त्राची देणगी आहे आणि आपली जुनी तालीम म्हणजे केवळ जोर-बैठकांची मोजदाद, असा एक समज रूढ आहे. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. व्यायामाचे प्रकार बदलते ठेवावेत हा विचार या भूमीत किमान नऊशे वर्षे जुना आहे. त्यात उणीव होती, पण ती लोक समजतात तेथे नव्हती. त्या उणिवेची किंमत एका मराठी मल्लाने लंडनमध्ये मोजली. ती कशी, हे क्रमाने पाहू.

३/
प्रारंभ बाराव्या शतकापासून. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. मराठवाड्याचा मोठा भाग त्या वेळी याच सत्तेखाली होता. राज्यकारभार, पाककला, संगीत, शिल्प अशा विषयांच्या शंभर अध्यायांत ‘मल्लविनोद’ नावाचा एक भाग आहे. मल्लांची प्रतवारी, आहार, सराव आणि झुंजी यांचे वर्णन त्यात येते.

४/
या भागातील सरावाचे प्रकार लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहेत. ग्रंथकार व्यायामाला ‘श्रम’ म्हणतो आणि त्याचे निरनिराळे भेद सांगतो.
• भारश्रम: वाळूने भरलेली पिशवी किंवा अन्य वजन उचलणे
• भ्रमणश्रम: पहाटे दूरवर चालणे
• सलिलश्रम: पाण्यात पोहणे
• बाहुपेल्लणक श्रम: बाहूंच्या बळाचा सराव
• स्तंभश्रम: खांबावरील व्यायाम
शक्ती, दम, पकड आणि अंगाची लवचिकता या चारही गोष्टींसाठी येथे स्वतंत्र साधन योजलेले दिसते. प्रत्यक्ष कुस्तीचा सराव याखेरीज होताच.

५/
दुसरा पुरावा गुजरातचा. मोढेराच्या ज्येष्ठीमल्ल समाजाशी निगडित ‘मल्लपुराण’ या ग्रंथात श्रमाचे सोळा प्रकार नोंदवले आहेत. आखाड्यातील झुंज आणि खांब तर त्यांत आहेतच. शिवाय पाण्यातील व्यायाम, पायऱ्या चढणे आणि भोजनोत्तर चालणे यांनाही स्थान आहे. मंदिराच्या वा विहिरीच्या पायऱ्या हे व्यायामाचे साधन मानले जात होते, ही नोंद आज चढावर धावण्याचा सराव करणाऱ्या धावपटूला ओळखीची वाटेल.

६/
किती व्यायाम करावा, याचाही विचार जुना आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही थंडीत आणि वसंतात आपल्या निम्म्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी करावा, असे सांगितले आहे. म्हणजे प्रकार बदलावा तशी तीव्रताही ऋतुमानानुसार बदलावी. मराठवाड्याच्या वैशाखात आणि पौषात सारख्याच फेऱ्या मारणाऱ्याला हे आजही उपयोगी आहे.

७/
‘मानसोल्लासा’तील खांबाला महाराष्ट्रात नवे तेज आले ते पेशवाईच्या अखेरीस. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेले बाळंभटदादा देवधर यांच्याकडे मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय परंपरेने दिले जाते. मल्लखांब म्हणजे न थकणारा प्रतिस्पर्धी. त्याला मिठी मारता येते, पायांचा तिढा घालता येतो, उलटे होऊन अंग तोलता येते. जोडीदार नसला तरी सराव अडत नाही. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर टिकून राहताना मांड्यांची आणि हातांची जी पकड तयार होते, ती नुसत्या जोरांनी येत नाही.

८/
आता जुन्या मराठी तालमीत डोकावू.
• हौदा: मल्लांनीच फावड्याने खणायचा. ताक, हळद, तेल, लिंबू घालून माती मऊ ठेवायची. खणणे हाच खांदे आणि कंबर यांचा व्यायाम.
• जोर, बैठका, सपाट्या: छाती, दंड आणि मांड्यांसाठी.
• मुद्गल, करेला, गदा: फिरवून खांदे व मनगटे बळकट करण्यासाठी.
• नाल: जड दगडी कडे उचलण्यासाठी.
• लेझीम: आज मिरवणुकीत दिसणारी हलकी लेझीम नव्हे, लोखंडी साखळीची जड लेझीम ताणणे हा शक्तीचा व्यायाम होता.
यावर नदीतले पोहणे आणि रानातले धावणे. अशा दिनक्रमाला एकसुरी म्हणणे कठीण आहे.

९/
मग उणीव कोठे होती? तिची पहिली चाहूल पुण्यात लागली. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून लाभले. पुढे एका पत्रात त्यांनी या स्पर्धांची आठवण लिहिली. धावणारी मुले शेतकरी कुटुंबांतली होती, युरोपीय नियम किंवा आधुनिक सराव त्यांना ठाऊक नव्हता, तरीही काहींच्या वेळा युरोप-अमेरिकेतील वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या. या अनुभवातूनच भारतीय खेळाडूंना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवण्याचा विचार आकाराला आला.

१०/
त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावून १९ वे आले. त्याच ऑलिंपिकमध्ये मल्ल रणधीर शिंदेस फ्रीस्टाइल कुस्तीच्या फेदरवेट गटात चौथे आले. पदक थोडक्यात हुकले. शरीरे तयार होती. अनोळखी होते ते मैदान, नियम आणि स्पर्धेची रीत.

११/
अठ्ठावीस वर्षांनंतर हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे समोर आली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (जन्म १९२६) १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. घरात कुस्तीची परंपरा, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिक्षण, अंगात तालमीचा सर्व सराव. मात्र तोवरच्या साऱ्या कुस्त्या लाल मातीतल्या. मॅटवर ते प्रथमच उतरत होते, तेही थेट ऑलिंपिकमध्ये.

१२/
हा फरक वरवरचा नाही. मातीत पाय रुततो, अंग धरले जाते, कुस्ती सावकाश रंगू शकते आणि निकाल चितपटीवर लागतो. मॅटवर पायाची पकड वेगळी, हालचाल वेगवान आणि वेळ व गुण यांचा हिशेब निराळा. पावलाच्या आणि घोट्याच्या स्नायूंना जी जमीन रोज मिळते, तिलाच ते सरावतात. लंडनमध्ये माजी विश्वविजेते अमेरिकी मल्ल रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन खाशाबांना मिळाले. फ्लायवेट गटात ते सहावे आले. मॅटवरच्या पहिल्याच स्पर्धेत हे यश मोठे होते. पण आपल्याला काय कमी पडले, हेही त्यातून त्यांना उमगले.

१३/
त्यानंतरची चार वर्षे त्यांनी अधिक वजनगटासाठी आणि नव्या पद्धतीच्या कुस्तीसाठी कसून तयारी केली. जोर-बैठका सुटल्या नाहीत. त्यांच्या जोडीला नवे डाव, नवी गती आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा अभ्यास आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते बँटमवेट गटात उतरले, कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी हरवले, आणि सुवर्णविजेते जपानी मल्ल शोहाची इशी यांच्याशी दीर्घ झुंज दिली. मिळालेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले.

१४/
या प्रवासामागे पैशाची बाजू आहे आणि ती वगळून इतिहास पुरा होत नाही. लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. हेलसिंकीसाठी गावोगाव वर्गणी गोळा करावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. माती, खांब, मुद्गल, नदी ही साधने गावात फुकट किंवा अल्प खर्चात मिळत होती, म्हणून त्यांतले वैविध्य समृद्ध झाले. मॅट आणि परदेशी स्पर्धा विकत घ्याव्या लागत होत्या, म्हणून तेथे पोकळी राहिली. ही उणीव बुद्धीची नव्हती, साधनांची होती.

१५/
योगायोग पाहा. त्याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ५००० मीटर, १०००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकला. ठरावीक अंतर वेगाने धावायचे, मग हळू धावत दम घ्यायचा आणि हेच अनेकदा करायचे, हा त्याचा सराव जगभर गाजला. त्याआधी १९३० च्या दशकात स्वीडनचे प्रशिक्षक योस्टा होल्मेर यांनी रानवाटांवर मनाजोगती गती बदलत धावण्याची ‘फार्टलेक’ पद्धत रूढ केली होती. या स्वीडिश शब्दाचा अर्थ ‘वेगाचा खेळ’. दोन्ही पद्धतींना लागत होती ती मोकळी जागा आणि विचारपूर्वक आखणी. महागडे यंत्र नव्हे.

१६/
महाराष्ट्रातही दरम्यान देशी-विदेशी व्यायामांची सांगड घालणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याला द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध झाला. तालमीत वस्ताद ते शागिर्द असे तोंडी चालत आलेले ज्ञान त्यामुळे कागदावर आले.

१७/
या साऱ्या परंपरेतून एक सूत्र हाती लागते: प्रत्येक व्यायामाला त्याचे काम ठरवून द्यावे. ‘मानसोल्लासा’तील खांब पकडीसाठी होता, पाणी दमासाठी, वजन बळासाठी. उगाच रोज काही नवे करणे म्हणजे वैविध्य नव्हे. दुसरे सूत्र खाशाबांचे: स्पर्धा ज्या जमिनीवर होणार, ती जमीन सरावात असलीच पाहिजे.

१८/
१६०० मीटरची तयारी करणाऱ्याने हे असे वाचावे. आठवड्यातून एखाद्या दिवशी झाटोपेकसारख्या छोट्या वेगवान फेऱ्या, एखाद्या दिवशी शिवारातून गती बदलत धावणे, एखाद्या दिवशी चढ किंवा पायऱ्या, एक दिवस लांबचे पण सावकाश अंतर. जोर-बैठका आणि मुद्गल असतील तर गोळाफेकीचे खांदे व मांड्या त्यांतूनच घडतात. एखादा दिवस केवळ चालण्याचा, कारण भ्रमणही श्रमच आहे. डांबरी रस्त्यावरचा सराव काही दिवस तरी मातीच्या मैदानावर हलवावा. चाचणीच्या मैदानाची ओळख आधीच होते.

१९/
खाशाबा जाधव १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. त्यांच्या पदकाची आठवण आता नियमाने काढली जाते. त्या पदकामागच्या तालमी मात्र गावोगाव ओस पडत आहेत: हौद्यात गवत, खांबाला वाळवी, मुद्गल अडगळीत. आपल्या गावी अशी तालीम असेल, तर तेथील वस्तादांकडून व्यायामप्रकारांची नावे आणि ते करण्याची रीत लिहून घ्यावी. ज्ञानकोशाच्या दहा खंडांतही न आलेले काही त्यांच्यापाशी असण्याची शक्यता आहे, आणि पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पिढीला त्याचा उपयोग आहे.
(समाप्त)