भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर : आर्थिक पाया व वाटचाल

पुणे येथील भारतविद्येची एक ख्यातनाम संशोधनसंस्था. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ८० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांचे शिष्य व चाहते यांनी ती स्थापन केली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेस दिला. मुख्य वास्तू टाटा बंधूंच्या देणगीतून उभी राहिली. ज्ञानसंस्थेस प्रारंभी लागणारे द्रव्य थोरामोठ्यांच्या औदार्यातून मिळू शकते. तिचा नित्याचा खर्च मात्र केवळ औदार्यावर चालत नाही, याचा प्रत्यय या संस्थेला वारंवार आला.

१९१८ मध्ये मुंबई सरकारने डेक्कन कॉलेजातील आपला हस्तलिखितसंग्रह संस्थेच्या हवाली केला. ब्यूलर, कीलहोर्न, भांडारकर प्रभृती विद्वानांनी १८६६ पासून गावोगाव हिंडून जमविलेला हा ठेवा. त्याची मालकी सरकारची, सांभाळ संस्थेचा, अशी व्यवस्था ठरली. हिच्यामुळे संस्थेस प्रतिष्ठा लाभली, तसेच एक कायमचे दायित्वही तिच्या शिरी आले. कसर, दमट हवा आणि जीर्ण होणारा कागद ही काही अनुदानाच्या मंजुरीची वाट पाहत थांबत नाहीत.

संस्थेच्या कीर्तीचा मुख्य आधार म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती. स्वतः चित्रकार असलेले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कार्यासाठी एक लाख रुपयांचे अभिवचन दिले आणि १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाल्यावर कार्याला शास्त्रशुद्ध वळण लागले. आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले. निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या मिळविणे, त्यांचे पाठ शब्दशः ताडून पाहणे, पाठभेद नोंदविणे हे काम इतके संथ होते, की कोणत्याही एका दात्याची देणगी त्याला पुरी पडणे शक्य नव्हते. म्हणून संस्थेने अनेक आश्रयदाते जोडले. प्रांतिक व मध्यवर्ती सरकारे आणि विविध संस्थाने यांचे साहाय्य तिने मिळविले. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या द्रव्यसाहाय्यातून उभे राहिलेले अतिथिगृह आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. ब्रिटिश सरकार, हिंदू संस्थानिक, मुसलमान निजाम आणि पारशी उद्योगपती यांनी एका संस्कृत संस्थेला हातभार लावावा, ही घटना त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. १९४३ मध्ये सुकथनकर निवर्तले, पुढे संस्थानेही विलीन झाली. तरीही काम थांबले नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्तीची पूर्तता घोषित झाली.

पूर्तता हीच एका अर्थाने अडचण ठरली. नेमक्या कार्यासाठी मिळालेला पैसा त्या कार्याबरोबर संपतो. ग्रंथपाल, लिपितज्ज्ञ, डागडुजी यांसाठी सहसा कोणी देणगी देत नाही, आणि ठेवींचे व्याज महागाईपुढे टिकत नाही. पुढील काळात प्रकाशने हा एक आधार होता. पांडुरंग वामन काणे यांचा, १९३० ते १९६२ या काळात संस्थेने प्रकाशित केलेला, धर्मशास्त्राचा इतिहास आणि १९१९ पासूनची ॲनल्स ही संशोधनपत्रिका यांमुळे संस्थेचे नाव देशोदेशींच्या ग्रंथालयांत पोहोचले.

५ जानेवारी २००४ रोजी एका परदेशी लेखकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकावरून प्रक्षुब्ध झालेल्या जमावाने संस्थेवर हल्ला केला. ग्रंथ, हस्तलिखिते व जुन्या वस्तू यांची नासधूस झाली. यापूर्वीचे संकट द्रव्याचे होते. हे संकट सुरक्षिततेचे आणि त्याहून अधिक समाजाशी असलेल्या नात्याचे होते. संग्रहातील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा समावेश २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदणीत झाला. हस्तलिखितांचे जतन व अंकीकरण यांना गती मिळाली. २०२० नंतर संस्थेने ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले असून त्यांद्वारे महाभारतासारखे विषय संशोधकांच्या वर्तुळाबाहेरील जिज्ञासूंनाही शिकता येतात.